पोरकिड्याला पहिलं बक्षीस

तांदळाच्या डब्यात पोरकिडे झाले की मराठी घरात काय काय होतं, ते सांगायला नको. तांदूळ गच्चीत उन्हाला जातात. कडुलिंबाचा पाला कुणाच्या तरी कुंपणावरून न विचारता आणला जातो. बोरिक पावडर घालायची की एरंडेल चोळायचं, यावर माहेर आणि सासर असे दोन पक्ष पडतात. 'त्या दुकानातून पुन्हा आणायचे नाहीत' हा ठराव मात्र एकमताने मंजूर होतो.

त्या पोरकिड्याने २०२५ साली जगातलं एक मानाचं बक्षीस मारलं. निकॉन कंपनी १९७५ पासून 'स्मॉल वर्ल्ड' नावाची स्पर्धा घेते, सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या छायाचित्रांची. सत्तर-ऐंशी देशांतून दोन हजारांच्या आसपास छायाचित्रं येतात. त्यांत पहिला आला चीनच्या झांग यो यांचा पोरकिडा. तांदळाच्या एका दाण्यावर चढून, पंख फाकवून, आता उडतोच असा आव आणून उभा. पोरकिड्याला पंख असतात हेच आपल्याला ठाऊक नसतं, कारण आपली आणि त्याची गाठ सुपात पडते आणि सुपात उडायला उसंत मिळत नाही. जेमतेम तीन मिलिमीटरचा जीव. त्याचे पंख आपल्या हाताने पसरवून ठेवणं म्हणजे महाकठीण काम. झांग यांना तो खिडकीपाशी तसाच पंख उघडे टाकून वाळलेला सापडला. बहुधा बाहेर पडायच्या शेवटच्या धडपडीत गेला बिचारा.

मी तो फोटो मोठा करून हिला दाखवला. चष्मा पुढेमागे करत तिने तो नीट पाहिला. "दाणा जुन्या तांदळाचा दिसतोय," एवढं म्हणून ती पुन्हा निवडायला बसली.

या स्पर्धेतल्या आजवरच्या विजेत्यांची यादी डोळ्यांखालून घातली, तर इथे नंबर यायचा असेल तर आयुष्यात कुणाची तरी चप्पल चुकवलेली असावी लागते, असं वाटू लागतं. २०१० साली पहिला आला डास, आणि त्यातही डासाचं हृदय. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासाचं. डासाला हृदय असतं ही बातमी ऑगस्ट महिन्यात कुठल्याही पुणेकराला सांगून बघा. २०११ साली एका किड्याची अळी आली, जबडे अशा थाटात पुढे काढलेली की गल्लीतल्या दादांनी शिकावं. २०१८ साली अमिरातींच्या युसुफ अल हबशी यांनी फिलिपाइन्सकडच्या एका सोंड्या भुंग्याचा डोळा पाठवला आणि तो पहिला आला. म्हणजे पोरकिडा धरून सोंडवाल्यांच्या खानदानात सात वर्षांत दोन पहिली बक्षिसं. आपल्याकडे इतक्यावर आमदारकी मिळते. अलीकडच्या यादीत माणूस शोधायला गेलात, तर २०१७ साली तो भेटतो, तोही कातडीपुरता: प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या पेशी. आपला चेहरा कुणी मागितलेला दिसत नाही.

चेहरा म्हटल्यावर २०२२ची मुंगी आठवते. लिथुआनियाच्या युजिनियस कावालियाउस्कस यांनी मुंगीचा चेहरा समोरून टिपला. परीक्षकांनी त्याला पहिल्या विसांतही घेतलं नाही, नुसतं उल्लेखनीय चित्रांच्या यादीत बसवलं. पण त्या वर्षीचा विजेता कोण ते आज कुणाला आठवत नाही (मादागास्करच्या पालीच्या गर्भाचा पंजा होता, आणि फार देखणा होता), मुंगी मात्र जगभर फिरली. काळाकुट्ट चेहरा, वासलेला जबडा आणि अंधारात जळणारे दोन लाल डोळे. लोकांनी म्हणे दिवे चालू ठेवून झोपायला सुरुवात केली. गंमत अशी की ते डोळे नव्हतेच. ती तिच्या मिशांची मुळं. खरे डोळे बाजूला, कुणाचं लक्षही जाणार नाही अशा जागी. अख्खं जग एका मुंगीच्या मिशांच्या मुळांना घाबरलं, आणि तिला काही पत्ताही नाही.

मुंगीला चित्रासाठी उभी करणं हे जुनं दुखणं आहे. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' हे सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या जगाचं पुस्तक काढलं. त्यातलं पिसवेचं चित्र घडी उलगडून पाहायचं, एवढं मोठं. सॅम्युअल पीप्स नावाचे त्या काळचे बडे अधिकारी रात्री दोन वाजेपर्यंत ते पुस्तक घेऊन बसले होते, असं त्यांनीच रोजनिशीत लिहून ठेवलंय. हूक यांना पिसू सोपी गेली, मुंगीने मात्र छळलं. पाय मेणात रोवले तर अंग इतकं पिळायची की काही दिसेना. मारावी तर मेल्यावर आकसून आकारच जाई. शेवटी त्यांनी तिला ब्रँडी पाजली. मुंगी तर्र होऊन पडली. तासभर निश्चल. हूक यांनी निवांत चित्र काढलं. मग ती एकाएकी जागी झाली आणि काही घडलंच नाही अशा चालीने निघून गेली. रॉयल सोसायटीच्या इतिहासात इतकी निर्मळ ओली पार्टी दुसरी झाली नसावी.

आपली सूक्ष्मदर्शकाशी पहिली ओळख होते ती मात्र कोरडी, आठवी-नववीच्या प्रयोगशाळेत. कांद्याचा पापुद्रा, सॅफ्रॅनिनचा थेंब, वर कव्हरस्लिप. चाळीस मुलांत दोन सूक्ष्मदर्शक आणि त्यातल्या एकाचा आरसा फुटलेला. पाठीमागचा ढकलतोय, सर 'दिसलं का? दिसलं का? पुढे चला' म्हणतायत. अशा परिस्थितीत निम्म्या वर्गाला दिसायचा तो हवेचा बुडबुडा: मस्त गोल, काळ्या जाड किनारीचा, पेशीपेक्षा कितीतरी रुबाबदार. उरलेल्यांना स्वतःच्या पापणीचे केस दिसायचे. पण जर्नलमध्ये सगळ्यांची आकृती एकच, कारण ती पुस्तकातून उतरवलेली. बुडबुडा प्रामाणिकपणे काढणाऱ्या मुलाला शेरा मिळायचा. या देशात निरीक्षणाची आवड तिथेच निवृत्त होते आणि पुढे थेट सेवानिवृत्तीनंतर परत येते.

आमच्या हिच्या दादांची अशीच परत आली. दादा बँकेतून निवृत्त झाले. वर्षभर पेन्शन, नातेवाईक आणि पक्षी या क्रमाने कंटाळले. मग नातीला शाळेतून एक फोल्डस्कोप मिळाला. हा कागदाचा सूक्ष्मदर्शक. कानपूर आयआयटीत शिकलेले आणि आता स्टॅनफर्डला असलेले मनु प्रकाश यांनी २०१४ साली तो जगापुढे आणला. कागद कापून घडी घालायची, मण्याएवढं भिंग बसवायचं, आणि एकशे चाळीस पट मोठं दिसतं. करायला खर्च शंभर रुपयांच्या आत. नातीने तो दोन दिवस वापरला. दादांनी तो परत दिलाच नाही. वहिनींनी नातीची समजूत काढायला पाच पट किमतीची बाहुली आणली, आणि दादांनी पुढे पंचवीस पट किमतीचा जुना, पितळी नळीचा खराखुरा सूक्ष्मदर्शक आणला. कॅमेरा जोडायची नळी, दिवे, ऑब्जेक्टिव्ह हे त्यानंतर एकेक करून, कुरियरवाल्याशी संगनमत करून आले.

या छंदाचा मुख्य व्यवहार काय, तर थर. सूक्ष्मदर्शकाखाली जितकं मोठं पाहाल तितकी स्पष्ट दिसणारी पातळी पातळ होत जाते. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हने बघताना ती मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या हिश्शाएवढी उरते. चकलीचा फोटो काढावा आणि तिचा एकच काटा स्पष्ट येऊन बाकी चकली धुक्यात जावी, असा प्रकार. मग करायचं काय? तसूतसूने नळी खाली सरकवत शेकडो फोटो काढायचे आणि संगणकाला सांगायचं की प्रत्येकातला स्पष्ट तेवढा भाग घेऊन एक फोटो कर. याला स्टॅकिंग म्हणतात. अल हबशींच्या भुंग्याच्या एका डोळ्यासाठी सव्वाशेहून जास्त फोटो लागले. झांग यांच्या पोरकिड्यालाही शंभराच्या वर. २०२२च्या त्या पालीच्या पंज्यासाठी शेकडो फोटो, दोन दिवसांचं काम आणि सुमारे दोनशे जीबीची माहिती. एवढ्या जागेत आमच्या नात्यातल्या तीन लग्नांचे व्हिडिओ मावले असते, आणि एकानेही बक्षीस मिळवलं नसतं.

हे सगळं होत असताना काहीही हलता कामा नये. इथे काहीही म्हणजे खरोखरच काहीही. दादांचा फ्लॅट पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर. दिवसा सूस रोडवरून ट्रक जातात. शेजारच्या घरात इडलीचं पीठ वाटलं जातं. लिफ्ट ही तर स्वतंत्र आपत्ती. म्हणून दादा रात्री साडेबारानंतर बसत. खाली दगडी फरशी, तिच्याखाली सायकलची हवा भरलेली ट्यूब, वर सूक्ष्मदर्शक. खोलीत कुणी यायचं नाही, पंखा बंद, खोकला आला तर बाल्कनीत जाऊन. मला एकदा मदतीला बोलावलं होतं. मदत म्हणजे खुर्चीवर न हलता बसणं. "भावोजी, श्वास सोडा, पण जरा त्या बाजूला," दादा कुजबुजले.

आणि तरी फोटो हलायचे. रोज नव्हे, पण हलायचे. पतंगाच्या पंखावरचे खवले एखाद्या कौलारू छपराचे असावेत तसे ओळीने बसलेले, आणि मधोमध एक ओळ दोनदा. दादांनी बँकेतल्या शिस्तीने नोंदी ठेवल्या. हलण्याची वेळ, दिशा, जोर. निष्कर्ष निघाला: धक्का वरून येतो. चौथ्या मजल्यावरचे काका रात्री येरझाऱ्या घालतात. दादा तावातावाने वर गेले आणि पाच मिनिटांत ओशाळून खाली आले. काकांना मुतखडा होता. पोटात कळ आली की बसवत नसे, झोपवत नसे. माणूस चालणार नाही तर काय करील?

या काकांचा पुढे संबंध येणार आहे. तूर्त धुळीकडे वळू.

सूक्ष्मदर्शकाने छायाचित्र काढणाऱ्याचं निम्मं आयुष्य धूळ काढण्यात जातं, हे कुणी आधी सांगत नाही. डोळ्यांना लखलखीत दिसणारा भुंगा शंभर पट मोठा केला की गोठ्यातून उठून आल्याचं कळतं. तंतू, परागकण, कुणाची तरी अंडी, आणि मधोमध खुद्द दादांच्या लोकरी बंडीचा निळा धागा. ते सगळं एका केसाच्या कुंचल्याने, मद्यार्कात बुडवून, श्वास रोखून काढायचं. "पोरकिड्याला आंघोळ घालतात," वहिनी सांगतात, "आणि स्वतःचा चहाचा कप विसळत नाहीत." त्यावर दादांचं उत्तर तयार असतं: कप स्पर्धेत जाणार नाहीये.

त्या घरात आता कचरा असा उरलेला नाही. लोणच्यावरची बुरशी टाकायची सोय नाही, कारण तिच्या देठांवर काळ्या मण्यांचे तुरे उगवलेत आणि ते शनिवारपर्यंत आणखी छान होणार आहेत. फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी एक डबी आहे, तिच्यावर 'खाऊ नये' असं लिहिलंय. गेल्या श्रावणात वहिनींनी जिवतीच्या पुरणाला हात लावण्याआधी तीन वेळा विचारलं, की ही डाळच ना?

पण वहिनींनाही या यंत्रापुढे एकदा बसवलं ते अळूने. त्यांनी फदफद्यासाठी अळू चिरायला घेतलं होतं. हाताला खाज सुटते म्हणून तेल चोळलेलं. दादांनी देठाच्या रसाचा एक थेंब उचलून स्लाईडवर टाकला. त्यांनी जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची एक विशिष्ट काचकागदी पट्टी सोलून दोन तुकडे केले होते. एक तुकडा दिव्यावर, दुसरा भिंगाच्या वर, आडवा. ही ध्रुवण करणारी पट्टी. दोन तुकडे एकमेकांना आडवे ठेवले की प्रकाश अडतो आणि सगळं काळंकुट्ट दिसतं. फक्त मध्ये एखादा स्फटिक आला तर तो प्रकाशाला असा काही वळवतो की त्याच्यापुरतं उजळतं. बटाट्याच्या सत्त्वाचा दाणा ठेवला तर त्या उजेडात दाण्यावर चक्क एक काळी फुली उमटते, बँकेतल्या जुन्या रद्द धनादेशावर असायची तशी. दादांना ती फार आवडते.

वहिनींनी डोळा लावला. अंधार, आणि अंधारात सुयांची जुडी. एका पेशीत शेकडो सुया, एकीला एक लागून, दोन्ही टोकांना तीक्ष्ण, पांढऱ्या-निळ्या झगझगाटात. काही पेशी चिरताना फुटलेल्या, त्यांतल्या सुया रसात इतस्ततः विखुरलेल्या. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया. घशाला खाजतात त्या ह्याच. "म्हणजे माझी आजी अळूला आमसूल घाल, आमसूल घाल म्हणायची ते…" वहिनी डोळा न काढता म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. गॅसवरची डाळ करपली. त्या दिवशीचं फदफदं बाहेरून आलं, आणि त्यात आमसूल कमी होतं.

हाच फोटो पाठवायचा असं ठरलं. मग रंगाचा प्रश्न निघाला, तो नेहमी निघतो.

कुठल्याही समारंभात दादा मोबाईलवर असे फोटो दाखवू लागले की तिसऱ्या फोटोला कुणीतरी काका विचारतात, "हे रंग खरे आहेत का?" विचारणाऱ्याच्या स्वतःच्या केसांचा रंग खरा नसतो, पण ते असो. अळूच्या सुयांचा रंग खरा. तो प्रकाशानेच दिलेला. पण स्पर्धेतली पहिल्या ओळीतली बरीच चित्रं येतात प्रयोगशाळांतून, आणि तिथे प्रकरण निराळं आहे. पेशीच्या एकेका भागाला चमकणारी रसायनं किंवा प्रथिनं जोडतात. जेलीफिशमध्ये सापडलेल्या हिरव्या चमकत्या प्रथिनाला तर २००८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कॅमेरा बहुतेक वेळा कृष्णधवलच असतो. तो एकेका चमकेची नोंद वेगवेगळी घेतो, आणि संगणकावर बसलेला माणूस ठरवतो की केंद्रकाला निळा, सांगाड्याला जांभळा. "म्हणजे रंग तुम्ही भरता?" काका विजयी मुद्रेने विचारतात. "भरत नाही," दादा म्हणतात, "नेमून देतो." बँकेत अडतीस वर्षं काढल्याशिवाय हे उत्तर सुचत नाही.

माझं मत विचाराल तर मला त्या रंगांचा राग नाही, पण त्यांच्या एकसारखेपणाचा आहे. काळ्या पार्श्वभूमीवर निळा-जांभळा-हिरवा असं काहीही पाहिलं की आता उंदराचा मेंदू आणि नवरात्रातली रोषणाई यात फरक करवत नाही. उलट २०२१ साली जेसन कर्क यांचं जे पान पहिलं आलं, त्यात दोनशे फोटोंचं स्टॅकिंग, रंग नेमून दिलेले, आणि तरी ते पान वाटत होतं: पांढरे लवदार तारे, श्वासाची जांभळी छिद्रं, रसवाहिन्यांचं निळसर जाळं. त्यात घरचं काहीतरी होतं. ओकचं होतं म्हणा, पण अळूच्या पानाला शेजारी म्हणून चाललं असतं.

पाषाणला दादांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आयसर आहे. तिथे लेझरवाले सूक्ष्मदर्शक आहेत, ज्यांची किंमत ऐकून दादांचा फ्लॅट मान खाली घालतो. दादा रोज सकाळी त्या फाटकावरून फिरायला जातात आणि रखवालदाराला हात करतात. एवढीच त्यांची विज्ञानसंस्थेशी ओळख. पण स्पर्धा सगळ्यांना खुली, प्रवेशशुल्क नाही, आणि एकाला तीन चित्रं पाठवता येतात. विजेत्यांत हौशी माणसंही येतात. २०१५ साली पहिलं आलेलं मधमाशीच्या डोळ्याचं चित्र, डोळ्यावर परागाचे पिवळे कण जागोजाग अडकलेले, ते ऑस्ट्रेलियातल्या राल्फ ग्रिम नावाच्या शाळामास्तरांचं. मास्तर एकेकाळी मधमाश्या पाळायचे. बक्षीस तीन हजार डॉलर. परीक्षक शास्त्रज्ञ आणि पत्रकार, आणि ते पाहतात चार गोष्टी: वेगळेपणा, चित्रातून मिळणारी माहिती, तांत्रिक सफाई आणि डोळ्यांत भरणं. लग्न जुळवताना याहून फार वेगळं काही पाहत नाहीत.

दादांचे तीनातले दोन ठरले, सुया आणि बुरशी. तिसऱ्याची चर्चा सोसायटीत पसरली आणि लोकांनी नमुने आणून द्यायला सुरुवात केली. कुणी बाळाची गळून पडलेली नाळ आणली, कुणी काशीचं गंगाजल. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी आपल्या कवळीवरचं कीटण द्यायची तयारी दाखवली आणि दादांनी ती नाकारली नाही, कारण यालाही मोठी परंपरा आहे. डेल्फ्टचे कापडव्यापारी लेव्हेनहूक यांनी १६८३ साली दातांचं कीटण भिंगाखाली पाहून रॉयल सोसायटीला कळवलं होतं. स्वतःचे दात ते रोज मिठाने घासायचे, म्हणून त्यांनी आयुष्यात दात न घासलेला एक म्हातारा गाठला. त्याच्या तोंडात जी गर्दी दिसली तिचं वर्णन त्यांनी फार आनंदाने केलंय. पूर्वी एकदा त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी धर्मगुरू आणि इतर प्रतिष्ठितांना बोलावून पाण्यातले जीव दाखवले आणि 'आम्ही पाहिले' अशा त्यांच्या सह्या घेतल्या. पंचनाम्याची इतकी गोड पद्धत आपल्याकडे अजून आलेली नाही.

आणि मग एके रात्री धक्के बसायचे थांबले. दादांना आधी बरं वाटलं, मग काळजी वाटली. सकाळी चौथ्या मजल्यावरचे काका स्वतः खाली आले. चेहरा उजळलेला, हातात होमिओपॅथीच्या गोळ्यांची छोटी बाटली. बाटलीत तुरीच्या डाळीएवढा, करड्या रंगाचा, काटेरी खडा.

"पडला," काका म्हणाले. "म्हटलं, तुमच्याकडे द्यावा."

दादांनी तो जो हातात घेतला, तो कुणी पुष्कराज दिला असावा अशा नजरेने. त्याचं कारण होतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली मुतखड्यांचे पातळ काप करून वेगवेगळ्या प्रकाशांत पाहिले, आणि त्यांत अकीकाच्या खड्यातल्यासारखे थरावर थर दिसले. त्यावरून कळलं की खडा किडनीत नुसता वाढत जात नाही. मधून मधून विरघळतो आणि पुन्हा साचतो. शिवाय द्रव्यही बहुतेक खड्यांत तेच, अळूतलं: कॅल्शियम ऑक्झलेट. सुयांच्या शेजारी खडा. वेगळेपणा, माहिती, दोन्ही सिद्ध. सफाईचं पाहू.

सफाई सोपी नव्हती. खडक तपासणारे भूशास्त्रज्ञ दगडाचा काप काचेवर चिकटवून तो घासत घासत तीस मायक्रॉनपर्यंत आणतात. तेव्हा त्यातून प्रकाश आरपार जातो. दादांनी खडा काचेवर चिकटवला आणि घासायला काहीतरी सपाट, बारीक दाण्याचं शोधू लागले. त्यांची नजर देवघराकडे गेली.

"सहाणेला हात लावायचा नाही," वहिनी आतून म्हणाल्या. त्यांना दिसतही नव्हतं.

शेवटी बारीक पॉलिश पेपरवर, पाण्याचे थेंब टाकत, चार संध्याकाळी घासणं झालं. काका रोज येऊन बघत. आपला ऐवज असा झिजताना पाहून त्यांचा जीव थोडा वर-खाली व्हायचा. चौथ्या संध्याकाळी ध्रुवण पट्टीचे तुकडे आडवे करून दादांनी दिवा लावला आणि बाजूला सरकून काकांना जागा दिली. काकांनी डोळा लावला. अंधारात सोनेरी, केशरी, राखी कडी, एकात एक, आणि मधेच एक कडं तुटून पुन्हा नव्याने सुरू झालेलं.

"हे तुटलंय ते कधीचं असेल?" काकांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"मला वाटतं दिवाळीतलं," काका म्हणाले. "दिवाळीत थोडं बरं वाटलं होतं."

फोटो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेला. तीस तारखेला मुदत संपते, आणि निकाल ऑक्टोबरात लागतात. पाठवण्याआधी चित्राखालच्या ओळीवर मात्र बरीच चर्चा झाली. दादांनी लिहिलं होतं: मानवी मूत्रपिंडातील खड्याचा काप, ध्रुवित प्रकाश. काकांनी त्यात 'नमुना सौजन्य' म्हणून आपलं नाव हवं असं सांगितलं. ते मान्य झालं. मग नावाआधी 'श्री.' आणि नंतर 'निवृत्त उपअभियंता, पाटबंधारे' हवं, असं निघालं. खडा पाण्याच्याच वाटेने आला, तेव्हा पाटबंधारे खातं अगदीच गैरलागू नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तोही मान्य झाला. तीन हजार डॉलरमध्ये त्यांचा वाटा किती, हा विषय काकूंनी काढला आणि दादांनी चहाचा विषय काढून तो टाळला.

जाता जाता काका दारात थांबले.

"डावीकडे अजून एक आहे," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणतात काढून टाकू. मी म्हटलं, जरा थांबा. पुढच्या एप्रिलपर्यंत वाढू दे."